सर्व प्रकारच्या यात्रांस मनाई

रस्ता बंद करणं हे सगळ्यात सोपं काम आहे, असं आमच्याकडे प्रत्येकाला वाटतं. लोखंडी बॅरिकेड आडवी टाकली, एक दोरी बांधली, होमगार्ड उभा केला, झालं. रोज त्या रस्त्याने जाणारी माणसं आता कुठून जातील, हा प्रश्न कुणाला पडत नाही. पडलाच तर तो माझ्या टेबलावर येतो. मी तालुक्याच्या गावी एका सरकारी कार्यालयात काम करते. सभा, मिरवणुका आणि सत्कारांसाठी वाहतूक वळवण्याचे आदेश मी तयार करते. त्यावर सही साहेबांची असते.

गावाचं नाव सांगत नाही. हिंगोली जिल्ह्यातली तालुक्याची गावं तशीही एकाच साच्यातून काढल्यासारखी आहेत. एक मोठा रस्ता, त्यावर बसस्टँड, दवाखाना, बँक, शाळा आणि शेतमालाचा मोंढा. बाकीचं सगळं गाव त्या रस्त्याला लोंबकळलेलं. तो रस्ता बंद म्हणजे गाव बंद. औंढ्याकडून येणाऱ्या एसटी गाड्या गावाबाहेर कापसाच्या जिनिंगपाशीच माणसं उतरवून परत फिरतात. सेनगावच्या जीपा शेताच्या बांधाला उभ्या राहतात. उन्हाळ्यात हळदीचे ट्रॅक्टर मोंढ्याच्या अलीकडे एकामागे एक तापत उभे असतात आणि ड्रायव्हर ट्रॉलीखाली झोपलेले असतात.

हे सगळं कशासाठी, तर कुणाचा वाढदिवस असतो, कुणाची निवड झालेली असते, कुणाची निवड होणार असते. निवड हुकली म्हणून सांत्वनाचा मेळावा घेतलेलाही मी पाहिला आहे आणि त्यालाही रस्ता बंद होता. अर्ज घेऊन येणाऱ्यांना मी ठरलेले प्रश्न विचारते. किती माणसं येणार? गाड्या कुठे लावणार? पाण्याचा टँकर कुठे उभा करणार? रस्ता किती वेळ लागेल? पहिल्या तीन प्रश्नांना ते एकमेकांकडे बघतात. चौथ्याचं उत्तर मात्र पाठ असतं. ‘कार्यक्रम संपेपर्यंत.’ कार्यक्रम कधी संपणार हे विचारायचं नसतं, कारण तो कधी सुरू होणार हेही त्यांना माहीत नसतं.

आमचे साहेब त्यांच्याहून फार वेगळे नव्हते. ते पर्यायी मार्ग मोबाइलच्या नकाशावर शोधायचे. बोटाने नकाशा मोठा करायचे, त्यावर एखादी रेघ दिसली की खूश व्हायचे. नकाशात मोंढ्याचा डांबरी रस्ता आणि गावामागची नाल्याकडची वाट जवळजवळ सारख्याच जाडीची दिसते. त्या वाटेवर बेशरमाची झुडपं किती माजली आहेत, गाव आपला कचरा कुठे नेऊन टाकतं आणि पलीकडे जाताना कुठे घाणीतून पाय काढावा लागतो, हे नकाशा सांगत नाही. साहेबही कधी बघायला गेले नाहीत. प्रत्येक आदेशात मात्र ते ‘नाल्याकडील मार्ग’ लिहायला सांगायचे. मी दरवेळी म्हणायचे, ‘साहेब, तिथून बैलगाडीसुद्धा नीट जात नाही.’ ते म्हणायचे, ‘मॅडम, पर्याय दाखवावा लागतो. लोक जातात की नाही हा त्यांचा प्रश्न.’

त्या वाटेबद्दल आणखी एक गोष्ट नकाशात नाही. माझ्या आजोबांच्या काळात आमच्या वस्तीतलं मयत गावातून न्यायची सोय नव्हती. ते मागून, नाल्याकडूनच न्यायचं. पुढे कायदे झाले, आमच्या लोकांनी बुद्धाचा धम्म घेतला, शिकलेली पोरं नोकऱ्यांना लागली, तरी मयत उचललं की पाय आपोआप मागल्या वाटेला वळायचे. कशाला उगाच भांडण, असं म्हणायचे. हे थांबवलं ते आमच्या शेजारच्या सिस्टरबाईंनी. त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या आणि अर्ध्या गावाची बाळंतपणं त्यांच्या हातून झाली होती. नवरा वारला तेव्हा त्या पांढऱ्या गणवेशात पुढे चालायला लागल्या आणि कुणाला न विचारता मोठ्या रस्त्याला वळल्या. खांदेकरी मागे गेले. दुकानांच्या पायऱ्यांवर माणसं उभी राहिली, पण कुणी ब्र काढला नाही. बायको अडली की रात्री जिचं दार वाजवायचं, तिला कोण काय बोलणार? त्या दिवसापासून आमची सगळी मयतं मोठ्या रस्त्याने जातात.

तर गेल्या उन्हाळ्यात आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याला कुठल्याशा महामंडळाचं अध्यक्षपद मिळालं. त्या महामंडळाचं काम काय, हे त्याच्या कार्यकर्त्यांना सांगता येईना. मला वाटतं, त्यालाही आलं नसतं. पण सत्कार ठरला. सत्काराचं सगळं एका ठेकेदाराकडे होतं. त्याला गावात सगळे भाऊ म्हणतात. पांढरे कपडे, पांढरे बूट, हातात मोबाइल. तो साहेबांसमोरच्या खुर्चीत बसला आणि मला म्हणाला, ‘म्याडम, रस्ता सकाळपासून लागंल.’

‘पाहुणे कधी येणार?’

‘येतील की. नांदेडहून निघाले की वारंगा फाट्यावर पह्यला सत्कार हाय. मंग हिकडं.’

‘म्हणजे दुपार. मग सकाळपासून कशाला? आठवडी बाजार आहे त्या दिवशी. हळदीचे ट्रॅक्टर येणार.’

‘हळद एक दिवस थांबत न्हाई व्हय?’

‘हळद थांबेल. ट्रॅक्टरवाला थांबणार नाही. तो तुमच्या कमानीखालून ट्रॉली काढेल.’

‘काढू द्या की. कमान उंच केली हाय,’ भाऊ म्हणाला आणि साहेबांकडे बघून हसला. साहेबही हसले.

त्याची खरी तकलीफ वेगळी होती. त्यांच्याच पक्षातला दुसरा गट त्याच दिवशी आभार यात्रा काढणार होता. भाऊला ती होऊ द्यायची नव्हती. मी म्हणाले, ‘साहेब, त्यांनी अर्ज दिला तर परवानगी नाकारा. संपलं.’

‘मग ते म्हणतील, आम्हालाच नाकारली,’ साहेब म्हणाले. ‘त्यापेक्षा सरसकट लिहा. या मार्गावर सर्व प्रकारच्या यात्रा, मिरवणुका व रॅली यांना मनाई. सगळ्यांनाच बंद म्हटलं की कुणालाच वाईट वाटत नाही.’

आपण फार हुशारीची गोष्ट बोललो, असं साहेबांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. भाऊ म्हणाला, ‘बराबर हाय साहेब. सर्व प्रकारच्या. ते राहू द्या तसंच.’ आदेश तसाच निघाला.

सत्काराच्या दिवशी पहाटे सिस्टरबाई गेल्या. बरेच दिवस अंथरुणावर होत्या, त्यामुळे धक्का नव्हता. त्यांची मुलगी नांदेडला शिक्षिका आहे, ती येऊन राहिली होती. तिने मला हाक मारली. मी गेले तेव्हा ती आईचे केस विंचरत होती.

‘ताई, आज रस्ता बंद आहे ना?’ तिने विचारलं.

‘गाड्यांना बंद आहे. मयताला कोण अडवतं?’

‘आईने एवढंच सांगितलंय. बाकी काही नाही मागितलं तिने. मला मागल्या वाटेनं नेऊ नका, म्हणाली.’

‘नाही नेणार,’ मी म्हणाले. तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं. आमच्या व्यवस्थेबद्दल माझं मत आधीपासून वाईट आहे, पण इतकं मूर्खपण मलाही सुचलं नव्हतं.

मी रजा कळवली आणि कामाला लागले. भंतेजींना फोन, लाकडांची गाडी पुढे पाठवणं, पांढरं कापड, फुलं, मेणबत्त्या, बाहेरून येणाऱ्या नातेवाइकांना जिनिंगपाशी उतरून कुठून चालत यायचं ते सांगणं. ऊन चढायच्या आत न्यायचं होतं. सिस्टरबाईंचा एक भाऊ परभणीकडून येत होता, त्याच्यासाठी थांबलो. तो आला आणि आम्ही निघालो.

मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी बॅरिकेड होतं. पलीकडे रस्ता रिकामा. रिकामा म्हणजे अगदी झाडून काढलेला. मधोमध लाल गालिचा, दोन्ही बाजूंना खुर्च्या, त्यांवर सावलीला टेकलेली चार माणसं आणि खांबांवर पुढाऱ्याचे फोटो. लाउडस्पीकरवर त्याचं गुणगान करणारं गाणं एकसारखं वाजत होतं. स्वतः पुढारी अजून वारंगा फाट्यावर पोचायचा होता. सगळा बाजार मागच्या गल्ल्यांत कोंबून हा रस्ता सकाळपासून एका माणसाची वाट बघत पडला होता.

होमगार्डने हात आडवा केला. तो ओळखीचा होता, एरवी शेती करतो. ‘म्याडम, हिकडून न्हाई जाता येणार.’

‘काहून?’ सिस्टरबाईंचा म्हातारा दीर पुढून म्हणाला. त्याच्या खांद्यावर तिरडी होती.

‘यात्रा बंद हाय. कागदावर लिहेल हाय.’

मी म्हणाले, ‘अहो दादा, ही अंत्ययात्रा आहे.’

‘यात्राच हाय की मंग. सर्व प्रकारच्या म्हून लिहेल हाय. ह्यो बी प्रकारच झाला ना? तुमच्याच हापिसाचा कागद हाय म्याडम. मी काय मनानं सांगून राहिलो का?’

म्हातारा म्हणाला, ‘मंग उठवू का तिला? म्हनतो, वैनी, उद्या मर, आज सत्कार हाय.’

मागे कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. होमगार्डचा चेहरा उतरला होता. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. ज्याने कागद लिहायला लावला त्याने डोकं वापरलं नाही, मग ज्याने वाचायचा त्याने कशाला वापरावं? त्याने जमादाराला फोन लावला. जमादार मोटारसायकलवर आले, आदेशाचा कागद उन्हात धरून त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, ‘नाल्याकडून न्या की. तो मार्ग खुलाच हाय.’

‘नाल्याकडून नाही,’ सिस्टरबाईंची मुलगी म्हणाली.

तेवढ्यात भाऊ आला. छातीवर मोठा रिबिनीचा बिल्ला, कपाळावर घाम. त्याने तिरडीकडे बघून हात जोडले. ‘ताई, तुमच्या दुखात आमी सामील हाओत. सिस्टरबाई म्हंजे आमच्या आईसारख्या. मला बी त्याहिनीच जगात आणलं.’

‘मग तिला एवढा रस्ता द्या,’ मुलगी म्हणाली.

‘दिला असता ताई. पर आमचे अध्यक्षसाहेब कवा बी येतील. मी तुमाला ट्रॅक्टर देतो. ताडपत्री लावून देतो, उन्हाची तकलीफ न्हाई व्हायची. नाल्याकडून बराबर पोचतान.’

‘माझ्या बापाला आईने ह्याच रस्त्याने नेलं होतं. मी तिला मागून नेणार नाही.’

‘आता ते जुनं कशाला काढता? आता कोन मानतं ते?’

‘तुम्ही मानत नसाल तर सत्काराची गाडी नाल्याकडून आणा,’ ती म्हणाली. शिक्षिका आहे, आवाज न चढवता बोलते. भाऊने माझ्याकडे पाहिलं, जणू मी तिला आवरायला हवं होतं.

शेवटी तो म्हणाला, ‘मंग थांबावं लागंल.’

‘थांबतो,’ ती म्हणाली.

कमानीची सावली बॅरिकेडच्या अलीकडे पडली होती. तिरडी तिथे, रस्त्यावरच ठेवली. बायका भोवती बसल्या. मी पाण्याचे जार मागवले, म्हाताऱ्यांना खुर्च्या पाहिजे होत्या म्हणून दोन पोरांना सत्काराच्या रांगेतून उचलून आणायला सांगितलं. कुणी अडवलं नाही. भंतेजींनी पुन्हा त्रिसरण सुरू केलं. स्पीकरवर पुढाऱ्याचं गाणं चालूच होतं. ते बंद करा असं सांगायला कुणी गेलं की नाही माहीत नाही. गेलं असेल तर बंद करण्याचा अधिकार कुणाला आहे, हे ठरायचं असेल.

मग साहेबांचा फोन आला. ते स्टेजजवळच्या मांडवात बसले होते. तिथून बॅरिकेड दिसत असावं, पण चालत येण्याइतकं ते जवळ नव्हतं.

‘मॅडम, जरा तुमच्या लोकांना समजावून सांगा.’

इतकी वर्षं त्या टेबलावर मी ‘आपल्या मॅडम’ होते. त्या एका फोनमध्ये माझे लोक वेगळे झाले.

‘काय समजावू साहेब?’

‘तुम्हाला आदेश माहीत आहे.’

‘माहीत आहे. तुम्ही होमगार्डला तोंडी सांगा, सोड म्हणून. आताच सोडेल.’

‘लेखी आदेश असताना तोंडी कसं सांगणार? उद्या तो दुसरा गट माझ्या अंगावर येईल.’

ज्या माणसाचं अख्खं कार्यालय तोंडी चालतं, त्याला मयताच्या वेळी लेखी आठवलं. मी म्हणाले, ‘मग आम्ही बसलोय,’ आणि फोन ठेवला.

आम्ही बसलो. ऊन वाढलं तशी फुलं कोमेजायला लागली. मुलीने ओल्या कापडाने आईचा चेहरा पुसला. मधूनच ती मला हळूच म्हणाली, ‘ताई, उशीर झाला तर आईचे हाल होतील. मी चुकतेय का?’ मी तिच्या हातातलं कापड पुन्हा ओलं करून दिलं. उन्हात मयत फार वेळ ठेवता येत नाही, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं आणि पलीकडच्यांनाही. ते त्याचीच वाट बघत होते. आम्ही थकून नाल्याकडे वळू, अशी त्यांची योजना होती. योजना म्हणजे काहीच न करता बसणं. यात त्यांचा हात कुणी धरू शकणार नाही.

आणि मग वारंगा फाट्याहून निरोप आला की ताफा निघाला.

सकाळपासून ज्यांना पाय हलवता येत नव्हता, ती सगळी माणसं धावायला लागली. कारण साधं होतं. पुढाऱ्याची गाडी याच कमानीखालून आत शिरणार होती, फटाक्यांची माळ इथेच लावली होती आणि सगळ्यांच्या हातात मोबाइल होते. मयतासमोर फटाके फुटताना, त्याच्या पलीकडे पुढारी हात हलवताना, असा व्हिडिओ निघाला असता तर महामंडळ संध्याकाळपर्यंत तरी टिकलं असतं की नाही कुणास ठाऊक. भाऊ आला तो धापा टाकतच. ‘ताई, उचला, उचला. रस्ता मोकळा हाय.’

‘आदेशाचं काय?’ म्हातारा दीर म्हणाला. ‘ही यात्राच हाय ना?’

‘काका, पाया पडतो. जरा पाय उचला फकत.’

साहेबांचा फोन पुन्हा आला. ‘सोडायला सांगितलंय. पण लवकर काढा, मॅडम.’ हे तोंडीच होतं.

बॅरिकेड बाजूला झालं. मुलगी पुढे झाली. ती घाईने चालली नाही आणि कुणाला चालू दिलं नाही. भाऊ कडेकडेने फोन कानाला लावून आमच्याबरोबर चालत होता. ‘जिनिंगपाशी थांबवा. हो, थांबवाच. चहा पाजा. न्हाई, अजून टाइम हाय.’ मोंढ्यापुढे काही दुकानदार पायऱ्या उतरून खाली आले आणि खांदे बदलले. त्यांतल्या बहुतेकांना सिस्टरबाईंनीच पहिला श्वास घ्यायला लावला असेल. बँडवाले वाद्यं खाली ठेवून उभे राहिले. दवाखान्यासमोर मुलगी थांबली, म्हणून सगळे थांबले. आतून दोन नर्स बाहेर आल्या, फुलं ठेवली, परत गेल्या. भाऊ फोनमध्ये म्हणाला, ‘आजून एक चहा पाजा.’

स्मशानात सगळं नीट झालं. लाकडं आधीच रचून तयार होती, पाणी होतं, मेणबत्त्या पुरल्या. मुलगी आईच्या पायाशी वाकली आणि उठली तेव्हा माझा हात तिने घट्ट धरला होता.

सत्कार संध्याकाळी झाला. मी गेले नाही, पण लाउडस्पीकर वस्तीपर्यंत ऐकू येतो. भाषणात पुढारी म्हणाला की, गावातल्या एका सेवाभावी भगिनीच्या अंत्ययात्रेला मान देण्यासाठी मी माझा ताफा थांबवला, कारण माझ्यावर तसे संस्कार आहेत. टाळ्या झाल्या. सिस्टरबाईंचा दीर ओट्यावर बसून ऐकत होता. तो म्हणाला, ‘चहा पीत बसला होता लेकाचा,’ आणि आत जाऊन झोपला.

काही दिवसांनी पुढचा कार्यक्रम आला. कुणाचा ते सांगण्यात अर्थ नाही, तेच लोक, त्याच खुर्च्या. साहेबांनी मला बोलावलं. सत्काराच्या दिवसाबद्दल ते काही बोलले नाहीत. सरळ कामावर आले. काम दुसरं असतं तर ते मला आवडलं असतं.

‘मॅडम, मागच्यासारखा गोंधळ नको. आदेशात अंत्ययात्रेचा उल्लेख करून टाका.’

‘करते. सर्व प्रकारच्या यात्रांना मनाई, अंत्ययात्रा वगळून.’

‘नाही, नाही. वगळून म्हटलं की पुन्हा मधेच येतील. पर्यायी मार्ग द्या. अंत्ययात्रांसाठी नाल्याकडील मार्ग. सगळ्यांसाठी. कुणा एकासाठी नाही, म्हणजे प्रश्न नाही.’

सगळ्यांना बंद म्हटलं की कुणालाच वाईट वाटत नाही, हेच पुन्हा. ते खुर्चीत मागे रेलले होते, बोट मोबाइलच्या नकाशावर होतं.

मी मसुद्याचा कागद त्यांच्यासमोर ठेवला आणि त्यावर माझं पेन ठेवलं. ‘साहेब, ही ओळ तुम्ही तुमच्या हाताने लिहा. मी लगेच टाइप करते.’

‘म्हणजे?’

‘एवढंच. मसुद्यात तुमचं अक्षर राहील. या गावात नाल्याकडून कुणाची मयतं जायची, ते आता तुम्हालाही माहीत आहे. ओळ तुमची आहे, तुम्ही लिहा.’

कार्यालयात साहेब लोक पुष्कळ बोलतात, पुष्कळ सुचवतात, ‘चर्चा करावी’ असा शेराही मारतात. पण ज्या वाक्याबद्दल उद्या कुणी जाब विचारेल, ते वाक्य स्वतःच्या हाताने लिहिणारा साहेब मी अजून पाहिलेला नाही. यांनीही पेनकडे पाहिलं. उचललं नाही. मग फोन वाजला नसतानाही फोन हातात घेतला.

‘तुम्ही उगाच वेगळा अर्थ काढता, मॅडम.’

‘असेल.’

‘ठीक आहे. बघा मग तुम्हाला कसं योग्य वाटतं ते.’

‘वगळून लिहिते,’ मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली की नाही, ते मी पाहिलं नाही. जागेवर येऊन टाइप केलं, प्रत काढली, सहीला ठेवली. सही होऊन आली. सिस्टरबाईंच्या मुलीला नांदेडला फोन करून सांगितलं. ती शाळेत होती, मागे पोरांचा गलका चालू होता. तिने एकदा विचारलं, ‘लेखी?’ मी म्हणाले, ‘लेखी.’ तिने बरं म्हटलं आणि वर्गावर गेली.